चिल्लरीतलं चुकीचं नाणं: ओळख, पारख आणि किंमत

आठवडी बाजाराची चिल्लर, पानठेल्यावरचा गल्ला, देवळाची दानपेटी: गावात एरर नाणं, म्हणजे टाकसाळीतच चुकीचं बनलेलं नाणं, सापडलंच तर इथेच सापडतं. पण ‘वेगळं दिसतं’ म्हणजे एरर नव्हे. टाकसाळीत कोरी चकती कॉलरमध्ये, म्हणजे तिची कड धरणाऱ्या कड्यात, बसते आणि दोन डायांच्या, म्हणजे चित्र कोरलेल्या ठशांच्या, मधे दाबली जाते. हातातला दोष या चकती, कॉलर, डाय किंवा दाब यांपैकी कशामुळे झाला ते सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो बहुधा टाकसाळीबाहेर झालेला आहे.

साहित्य थोडंच लागतं. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा, व्हर्निअर कॅलिपर आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक. काटा नसेल तर तालुक्याचा सराफ वजन करून देतो.

आधी नाणं मुळात कसं असतं ते पाठ असावं. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅमचा. २०११ च्या मालिकेतला रुपया २२ मिमी, ३.७९ ग्रॅम. त्याच मालिकेतलं दोनचं नाणं पुन्हा २५ मिमी, ४.८५ ग्रॅम, म्हणजे जुन्या रुपयाएवढंच. त्यामुळे ‘जुन्या रुपयाच्या चकतीवर दोन रुपये छापले’ असं कोणी सांगितलं तर काटा काहीच सिद्ध करू शकत नाही. पाचाचं जुनं तांबं-निकेलचं नाणं २३ मिमी, ९ ग्रॅम. ते चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं आणि ६ ग्रॅम भरलं तरी लगेच हरखू नका, २००७ च्या आसपास स्टीलची पाचाची नाणी रीतसर निघाली होती. साल आणि डिझाईन जुळवून मगच बोला.

दोन गैरसमज गावोगाव दिसतात. सालाखाली टाकसाळीचं चिन्ह नाही म्हणून एरर, असं होत नाही: मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याचं काहीच नाही. दुसरा दहाच्या नाण्याचा. तोवर निघालेली त्याची चौदाही डिझाईन्स चलनात आहेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. रुपयाचं चिन्ह नसलेलं दहाचं नाणं फक्त जुनं असतं. दुकानदार नाकारतो म्हणून ते दुर्मिळ होत नाही.

आता खरे दोष. सगळ्यात सोपी फिरलेल्या डायची तपासणी. अशोकस्तंभ सरळ ठेवून नाणं वर-खाली दोन बोटांत धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं आडवं फिरवा. मागची बाजू सरळच यायला हवी. दहा-पंधरा अंशांचा फरक सर्रास सापडतो, त्याला गिऱ्हाईक नाही. ९० किंवा १८० अंश फिरलेलं मात्र बाजूला काढा.

सरकलेल्या ठशात चित्र एका बाजूने कापलं जातं आणि समोर कोरी चंद्रकोर उरते. कट असलेल्या नाण्यात चकतीच अपुरी कापलेली असते. खऱ्या कटाच्या बरोबर समोरची कड दबकी, अस्पष्ट दिसते, कारण कड उभी करताना तिथे पुरेसा दाब मिळालेला नसतो. कानस लावून कट बनवणाऱ्याला ही समोरची खूण जमत नाही, म्हणून आधी तिथेच पाहावं.

लाखी नावाच्या दोषाचा मान मोठा. त्यात छापलेलं नाणं डायला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच उलटा, खोल ठसा उमटतो. एका बाजूला नेहमीचं उठावदार चित्र, दुसऱ्या बाजूला तेच आरशातल्यासारखं. नकली लाखी दोन नाणी शिकंज्यात दाबून बनवतात. तिच्यात मूळ अक्षरं चेपलेली असतात, नवा ठसा त्यांच्यावर चढलेला दिसतो आणि नाणं थोडं वाकतं.

दहाच्या नाण्यात गाभा आणि कडं एकाच ठोक्यात छापले जातात. म्हणून सरकलेला गाभा खरा असेल तर चित्राच्या रेषा सांध्यावरून अखंड जातात. रेषा तुटते, गाभा हलतो, कडेला हातोडीचे व्रण आहेत, तर कोणीतरी गाभा ठोकून काढून परत बसवलाय. दोन्ही बाजूंना एकच चित्र असलेलं नाणं बहुतेक वेळा जादूगाराचं निघतं: कडेच्या आत गोल सांधा शोधा, फरशीवर टाकून आवाज बद्द येतो का ऐका.

गडचिरोलीतल्या मार्कंडा देवस्थानी वैनगंगेत टाकलेली नाणी वर्षानुवर्षं वाळूत राहून झिजतात, वजन कमी भरतं, अक्षरं बारीक होतात. युरियाच्या पोत्यात राहिलेल्यांचा पृष्ठभाग खरबरीत होतो. हे नुकसान आहे, एरर नाही. भिंगाखाली अक्षरांना सपाट, पायरीसारखी दुहेरी कड दिसली तर तीही सोडून द्या. ठोक्याच्या वेळी डाय हलला की असं होतं आणि फार नाण्यांवर होतं.

किंमत ठरवताना हातभर अंतर ठेवून बघा. तिथून दिसणारी चूक विकली जाते. भिंग लागत असेल तर दर्शनी किमतीच्या थोडं वर धरा. डायची बारीक भेग तळाला. त्यावर मोठ्या कोनात फिरलेला डाय आणि कट. त्यावर निम्मं सरकलेलं नाणं, पण साल आणि टाकसाळीचं चिन्ह वाचता आलं पाहिजे. पूर्ण लाखी, दुसऱ्याच मूल्याच्या चकतीवरचं नाणं आणि दोन वेगळ्या मूल्यांच्या डायांची जोडी सगळ्यात वर. त्याच प्रकारचं नाणं लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं तेवढंच धरा. विकणाऱ्याने लिहिलेला लाखाचा आकडा ही त्याची इच्छा आहे. लिलावाच्या भावात लिलाव करणाऱ्या संस्थेचं कमिशन आणि कर असतो आणि व्यापारी आपला नफा कापून देतो, म्हणून हातात त्याहून बरंच कमी येईल.

‘वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो घ्या’ म्हणणारा आधी नोंदणी फी मागतो. असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कुठलंही कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचे फोटो आधी पाठवा. नाणं पैसे मिळाल्यावरच द्या.

चिंच, राख, लिंबू काही लावू नका. घासलेलं नाणं पाहताच संग्राहक भाव पाडतो. कडेला धरा, कागदी होल्डरमध्ये ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात हिरवट चिकट थर चढतो, आणि पावसाळ्यात तो लवकर चढतो, म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.