गोव्यात राहून कीटो चालू करायचंय? मग आधीच्या आठवड्यात एवढं उरकून ठेवा

सोमवारपासून कीटो, म्हणजे भात, पाव, साखर यांतले कार्ब (कार्बोहायड्रेट) अगदी कमी आणि फॅट जास्त असं खाणं, करायचं ठरवलं असेल तर खरं काम त्याच्या आधीच्या आठवड्यातलं, कारण संध्याकाळी साडेसातला कदंबा बसमधून उतरून घरी आलेल्या माणसाला काय खायचं याचा विचार करायची ताकद उरलेली नसते, समोर असेल ते तो खातो, आणि आपल्याकडे समोर शीतच, म्हणजे भातच असतो. म्हणून ही यादी, नोकरी, शिफ्ट, पोरांची शाळा सगळं सांभाळून करणाऱ्यांसाठी. अ‍ॅव्होकॅडो, बदामाचं पीठ, कीटोचे महागडे बार यातलं काही लागत नाही. नुस्तं (मासे), नारळ, अंडी, भाजी आणि सोलं (आमसुलं) एवढ्यावर हे नीट होतं, आणि गोव्यातल्या माणसाला यातलं काही नवीन नाही.

पहिलं काम डॉक्टरांचं, ते पुढे ढकलू नका. शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल) आणि लिव्हरची टेस्ट करून घ्या. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांनी डोस बदलून दिल्याशिवाय कार्ब तोडायचे नाहीत, शुगर एकदम खाली जाऊ शकते. त्यातही डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही चिठ्ठीवर लिहिलेलं असेल तर हे स्वतःहून सुरूच करू नका, या गोळ्यांवर कीटो केलं तर शुगर जवळपास नॉर्मल दिसत असतानासुद्धा रक्तात आम्ल साठून माणूस सिरीयस होऊ शकतो. बीपीच्या गोळ्यांचंही विचारून घ्या. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका, किडनीचा किंवा पॅन्क्रियाजचा त्रास असलेले, यांनी या वाटेला जाऊ नये.

मग हिशोब, तो एकदाच डोक्यात बसवायचा. मूळ कीटोजेनिक डाएट 1921 साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी एपिलेप्सीच्या पेशंटसाठी मांडलं, त्यात फॅट किती आणि बाकीचं किती हे वजन करून द्यावं लागतं. आपल्याला तसा तराजू घेऊन बसायचं नाही. सोप्या पद्धतीत एकच आकडा सांभाळायचा, फायबर वजा करून दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कार्ब, सुरुवातीला खालच्या टोकाला राहिलेलं बरं. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे ताटातल्या नेहमीच्या ढिगात दिवसाचा कोटा संपून वर जातो. एका पावात 20-25 ग्रॅम. चहातल्या एका चमचा साखरेत 4-5. आणि दुसऱ्या बाजूला बघा, बांगड्यात शून्य, अंड्यात एकपेक्षा कमी, 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात फायबर वगळून 6 च्या आसपास. काजू मात्र सांभाळून, गोव्यात घरोघरी बरणी भरलेली असते पण मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम काजूत 8 ग्रॅम जातात.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आणि सगळ्या घराला कीटोवर आणायचा हट्ट धरू नका. आईला किंवा सासूबाईंना स्पष्ट सांगायचं की हुमण (नारळाच्या वाटणातलं माशाचं कालवण) तेच खाणार, तळलेलं नुस्तं तेच खाणार, फक्त शीत वाढू नका, म्हणजे वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही आणि त्यांनाही वाईट वाटत नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजला की पोई (गोव्याचा गोल पाव) घ्यायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, निदान पहिले पंधरा दिवस. गरम पोई हातात आल्यावर ती न खाणं कठीण आहे, मग मुळात हातातच कशाला घ्यायची.

आता रविवार. बाजारातून दोन-तीन दिवसांचं नुस्तं आणा, बांगडे आणि तारले सगळ्यात उत्तम, फॅट चांगलं आणि इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) खिशाला परवडणारे. तिसऱ्यांमध्ये थोडे कार्ब असतात, त्या कधीतरी. साफ करून मीठ, हळद, मिरची आणि सोलांचं पाणी लावून डब्यात भरून ठेवायचे, दोन दिवसांचे खाली फ्रिजमध्ये, बाकीचे फ्रीझरमध्ये. रवा लावायचा नाही, नारळाच्या तेलात तसेच भाजले तरी कुरकुरीत होतात, तवा चांगला तापलेला असला म्हणजे झालं. बाजारातला तयार रेशाद मसाला घेणार असाल तर मागचं लेबल वाचा, बऱ्याचदा साखर असते. दोन नारळ खवून हुमणाचं वाटण एकदमच करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा, मला विचाराल तर या अख्ख्या यादीतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, कारण वाटण तयार असेल तर रात्री आठ वाजता वीस मिनिटांत हुमण होतं आणि मग बाहेरून काही मागवायचा विषयच येत नाही. सहा-आठ अंडी उकडून सालासकट ठेवा. तांबडी भाजी (लाल माठ), भेंडी, दुधी, दोडकी, कोबी, फ्लॉवर, वांगी यातलं जे मिळेल ते चिरून ठेवा. भाताची जागा भरायला फ्लॉवर किसून परतलेला चालतो, पण खरं सांगायचं तर हुमण वाटीत घेऊन भाजीबरोबर खाल्लं की त्याचीही गरज पडत नाही. कणगां, सुरण, माडी अशी कंदमुळं आणि नीरफणस ही सगळी पिठूळ, ती बाजूला. अळसांद्याचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे रस्साभाजीसुद्धा.

शिवराक (शाकाहारी) दिवसांची तयारी वेगळी करावी लागते आणि लोक नेमके तिथेच अडकतात. सोमवार-गुरुवारी घरात नुस्तं नाही, अंडं नाही, मग काय उरतं तर डाळ-भात. त्या दोन दिवसांसाठी पनीर, घट्ट दही, भरपूर खोबरं घातलेली भाजी, भेंडीचं सोलातलं, शेंगदाणे मोजून, असं आधीच आणून ठेवा. श्रावण पूर्ण पाळत असाल तर पहिल्यांदाच कीटो श्रावणात सुरू करू नका. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर पण नको, नेवऱ्या आणि पातोळ्या समोर असताना स्वतःला कोंडून घेण्यात अर्थ नाही, चवथ आनंदाने करा आणि नंतर सुरू करा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ताजं नुस्तं कमी आणि महाग, तेव्हा मेमध्येच सुकी सुंगटं (कोळंबी) आणि सुके बांगडे भरून ठेवा. सुंगटांची किसमूर (खोबरं-कांदा घातलेली कोशिंबीर), त्यात कांदा थोडा कमी आणि खोबरं जास्त, हे कीटोचं जेवणच आहे.

डब्यासाठी एक रुंद तोंडाचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, पणजीला किंवा वेर्ण्याला बसने जाताना कालवण सांडलं की दुसऱ्या दिवशी डबा न्यायचा उत्साह जातो. ऑफिसात नुस्त्याचा वास नको असेल तर अंड्याची भुर्जी किंवा चिकन. डबा नाहीच झाला तर हॉटेलात फिश थाळी घ्या, सुरुवातीलाच शीत नको म्हणून सांगा आणि भाजी दुप्पट मागा, बहुतेक ठिकाणी देतात. फ्राय मागवताना रव्याशिवाय सांगायला विसरू नका. सोलकढीत साखर घालतात का तेही विचारा. संध्याकाळच्या चहाबरोबर भजी, समोसा, भाजीपाव येतो, त्यासाठी बॅगेत खोबऱ्याचे तुकडे किंवा उकडलेलं अंडं असूद्या. पार्टीत उराक (काजूची हलकी दारू) आणि लिम्का नको, लिम्का म्हणजे नुसती साखर. फेणीत कार्ब नसतात हे खरं, तरी शरीर आधी दारू जाळतं आणि फॅट थांबून राहतं, शिवाय कीटोवर लवकर चढते, गाडी चालवणार असाल तर अजिबात नको.

पहिल्या तीन-चार दिवसांत डोकं दुखणं, चिडचिड, पाय वळणं होतं, यालाच कीटो फ्लू म्हणतात. कार्ब कमी झाल्यावर शरीरातला साठवलेला ग्लायकोजन (साखरेचा साठा) संपतो, त्याच्याबरोबर पाणी आणि मीठही बाहेर जातं, आणि इथल्या दमट हवेत घामातून जातं ते वेगळं. पहिल्या आठवड्यातलं उतरलेलं वजन बरंचसं पाणीच असतं, काट्यावर फार जीव टाकू नका. बाटलीत पाणी, चिमूटभर मीठ, आमसूल असं करून ऑफिसात ठेवा, बीपी किंवा किडनीचा त्रास नसेल तरच. पोट साफ व्हायला तांबडी भाजी रोज, पाणी भरपूर. उलट्या होत असतील, श्वास लागत असेल तर कीटो फ्लू म्हणून घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

सुरू करतानाच कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरची एक तारीख लिहून ठेवा, त्या दिवशी पुन्हा लिपिड प्रोफाइल करायचं, काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कीटोवर बरंच वाढतं आणि ते बाहेरून कळत नाही. आणि थांबवायचं ठरलं तर एकदम ताटभर शीतावर जाऊ नका, आधी दुपारी अर्धी वाटी उकड्या तांदळाचं, आठवडाभर तेवढंच, मग हळूहळू वाढवा.