ट्रकच्या चासीचे हट्टी रिव्हेट काढताना या चुका टाळा

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल उचलणारे ट्रेलर, उरणच्या बंदराकडे रांग लावून उभे राहणारे कंटेनर, तुर्भ्याच्या बाजारात भाजी आणणारे ट्रक. नवी मुंबईच्या गॅरेजांत चासीचं, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याचं, काम कधी संपत नाही. पाट्याचा हँगर (स्प्रिंगचे पाटे चासीला धरणारा भाग) बदलायचा असो की तडा गेलेला क्रॉस मेंबर (चासीची आडवी पट्टी), वाटेत रिव्हेट, म्हणजे ठोकून कायमचे बसवलेले जाड खिळे, आडवे येतातच. बोल्ट पान्याने सुटतो. रिव्हेट ठोकताना त्याची दांडी भोकात फुगून बसते आणि कडेला फट म्हणून उरत नाही. त्यात आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. रिव्हेटने जोडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये शिरलेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, पट्ट्यांना एकमेकींपासून लोटतो, आणि रिव्हेट आणखी आवळला जातो.

हत्यार हातात घेण्याआधी एवढं पक्कं करा की रिव्हेट भंगारात जाणार आहे आणि भोक गाडीत राहणार आहे. म्हणून जपायचं ते भोकाला.

“शेठ, गॅसनं उडवतो, पाच मिनिटांत मोकळं”

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. रिव्हेटचं डोकं वितळतं, पण त्याबरोबर भोकाची कड खाल्ली जाते आणि आजूबाजूच्या पोलादाचा गुण बदलतो. जड वाहनांच्या चासीला जास्त ताकदीचं पोलाद वापरतात, काहींचं तर उष्णतेचे संस्कार करून मजबूत केलेलं असतं. ते लालबुंद झालं की ती ताकद गेली, नंतर कितीही रंग मारा. भरलेली गाडी खड्ड्यांतून धावायला लागली की तडा बरोबर त्याच भोकापासून सुरू होतो. पाच मिनिटं वाचवून अख्खी चासी पणाला लावू नका.

भार न उतरवता ठोकाठोकी

डोकं उडवलं, घण मारून हात दुखले, तरी दांडी हलत नाही. पुष्कळदा कारण गंज नसतो. हँगरवर गाडीचं वजन तसंच असतं, त्यामुळे दोन पट्ट्या विरुद्ध दिशांना ओढल्या जातात आणि दांडी मधल्या मध्ये चिमटली जाते. आधी चाकांना पुढून-मागून अडण लावा, चासी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवा आणि ॲक्सल वेगळ्या जॅकवर घ्या. मग तो जॅक थोडा थोडा वर-खाली करत पंचाने हलके टोले देऊन बघा. एका ठिकाणी आवाज बदलतो आणि दांडी सरकते. ती जागा सापडली की पुढचं काम सोपं होतं. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली मात्र कुणी जायचं नाही, मालक घाई करत असला तरीही.

ड्रिलची घाई

आधी ग्राइंडरने डोकं सपाट करा. गोल डोक्यावर सेंटर पंच (ड्रिलसाठी खूण पाडायची टोकदार सळी) घसरतो आणि भोक वाकडं जातं. पंचाची खूण बरोबर मध्यावर आली का ते दोन बाजूंनी बघा. ती चुकली असेल तर पुन्हा घासून पुन्हा मारा, यात आळस नको. १२ मिलिमीटरच्या रिव्हेटला आधी ४ किंवा ५ मिलिमीटरचा बिट, मग ८, शेवटी १० किंवा साडेदहा. पूर्ण १२ चा बिट घालू नका. तो जरा जरी कलला तरी चासीचं भोक लांबट होतं. मध्ये ड्रिल केल्यावर दांडीची पातळ नळी उरते, तिचा आवळपणा जातो आणि ती पंचाने निघते.

दुसरी चूक वेगाची. साधं हातड्रिल मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतं. १० मिलिमीटरच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटला ६०० ते ८०० पुरतात. वेग कमी ठेवा, दाब जास्त द्या, कटिंग ऑइल सोडत राहा. धातूच्या लांब वळ्या निघत असतील तर ठीक चाललंय. भुकटी आणि धूर दिसला की बिटची धार गेली म्हणून समजा.

रिव्हेट सैल असेल तर बिटबरोबर गरगर फिरतो. पलीकडच्या डोक्याखाली छिन्नी पाचरीसारखी ठोकून त्याला धरा, किंवा त्या डोक्याच्या दोन बाजू घासून पान्याने पकडा.

छिन्नी आणि घण

डोकं छिन्नीने उडवायचं असेल तर आधी कटिंग डिस्कने त्यावर अधिकचं चिन्ह कापा, तळाशी मिलिमीटरभर धातू ठेवा, मग चारही तुकडे एकेक करून काढा. डिस्क किंवा छिन्नी चासीला लागू देऊ नका. छोटा ओरखडाही तड्याची सुरुवात ठरतो. लागलाच तर फ्लॅप डिस्कने चासीच्या लांबीच्या दिशेने गुळगुळीत करून घ्या.

दांडी ठोकताना पलीकडून आधार हवा. भोकापेक्षा मोठ्या तोंडाचा जाड पाइपचा तुकडा टेकवून धरला की पट्टी वाकत नाही आणि सगळा मार दांडीवर बसतो.

ठिणग्यांचं भान ठेवा. एअर ब्रेकचे नायलॉनचे पाइप आणि वायरिंग चासीच्या आतल्या बाजूनेच जातात, डिझेलची टाकीही जवळ असते. बॅटरी सोडा, पाइप बाजूला घ्या, ओलं पोतं टाका. डोळ्यांवर चष्मा आणि चेहऱ्यावर शिल्ड लावल्याशिवाय ग्राइंडर सुरू करू नका.

आणखी एक जागा सांभाळा. चासी नंबर ठोकलेल्या भागाजवळ ग्राइंडर नेऊ नका. एमएच ०४ असो, ४३ असो की ४६, नंबर पुसट झाला तर पासिंगला गाडी अडकते आणि मालकाला खुलासे देत बसावं लागतं.

रिव्हेट निघाल्यावर

भोक कॅलिपरने आडवं-उभं मोजा. लांबट असेल तर रीमर (भोक गोल आणि नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवून पुढच्या मापाचा बोल्ट घ्या. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडण्याचा मार्ग टाळा. पट्ट्यांमधला गंज पूर्ण खरवडा, झिंकचा प्रायमर लावा, तो वाळू द्या. कारखान्यात रिव्हेट मोठ्या दाबाच्या यंत्राने बसवतात. आपल्याकडे ते यंत्र नसेल तर १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे बोल्ट, कडक वॉशर आणि लॉक नट घ्या. बोल्टच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं नसेल तर तो परत करा. रिव्हेट भोक भरतो, बोल्ट घट्ट दाबून पट्ट्या धरतो, त्यामुळे आवळण्याचा जोर गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे टॉर्क रेंचनेच द्यायचा. अंदाजाने पाइप लावून नाही. नटावर रंगाची रेघ ओढा आणि गाडी भरून पहिली फेरी मारून आली की त्या रेघा तपासा, टॉर्क पुन्हा लावून बघा.