हलशी एका दिवसात पाहायची तर

बेळगावातून खानापूरकडे फिरायला निघणारे बरेच जण एकाच दिवसात हलशी, कित्तूर, असोगा, कणकुंबी आणि वाटेत एखादा धबधबा असा बेत आखतात. त्यात जुन्या देवळांच्या हलशीच्या वाट्याला अर्धा तास येतो, आणि अर्ध्या तासात ते गाव कळत नाही. शिवाय कणकुंबी जांबोटीच्या रस्त्याला, तर हलशी नंदगडच्या बाजूला. दोन्ही एका दिवशी धरलं की दिवस गाडीतच जातो. म्हणून सकाळ पूर्ण हलशीला द्या, परतताना नंदगड पाहा आणि उजेड उरला तर असोगा. कित्तूर हलशीहून साधारण २५ किलोमीटर आहे, पण किल्ला आणि संग्रहालय नीट पाहायचं तर त्याला वेगळा दिवस लागतो.

बेळगावहून खानापूर साधारण २५ किलोमीटर आणि तिथून हलशी आणखी १४. सकाळी साडेसातला निघालं की नऊ-सव्वानऊपर्यंत गावात पोहोचता येतं. बेळगाव-लोंढा मार्गावरच्या रेल्वेनेही खानापूरला उतरता येतं, पण पुढे बस किंवा रिक्षा आलीच. बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसतील तर खानापूर स्टँडवर कंडक्टरला मराठीतच विचारा, या तालुक्यात अडत नाही. उतरतानाच परतीची शेवटची बस कधी आहे ते त्याच कंडक्टरकडून पक्कं करून घ्या. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की बायकांना २०२३ पासून साध्या सरकारी बसमध्ये प्रवास मोफत आहे. तरी शून्य रकमेचं तिकीट हातात घ्यावंच लागतं. चंदगड-कोल्हापूरहून आलेल्या पाहुण्यांना मात्र पूर्ण तिकीट पडतं. फोनच्या नकाशात गावाचं नाव नीट बघून घ्या. ‘हल’ टाकताच हलगा पुढे आलं आणि ते निवडलं, तर बेळगावच्या वेशीवरच्या हलग्यात, सुवर्ण विधानसौधाजवळ, जाऊन थांबाल. इंग्रजीत हलशीचं नाव बहुधा ‘हलसी’ असं लिहिलेलं असतं.

पेट्रोल खानापुरातच भरा. माणशी दोन लिटर पाणी आणि भाकरी-चटणीचा डबा सोबत घ्या. गावात चहा-नाश्त्यापलीकडे जेवणाच्या भरवशावर राहू नका. चटकन काढता-घालता येतील अशा चपला आणि एक जोडी मोजे घ्या. फेब्रुवारीनंतर दुपारी देवळाचं फरशी-अंगण असं तापतं की अनवाणी पावलं टेकत नाहीत, आणि प्रदक्षिणा अर्धवट सोडून माणसं सावलीत पळतात.

पाहण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, नाहीतर सगळ्या सनावळ्यांचा गोंधळ होतो. हलशीशी जोडलेली कदंब राजघराणी दोन आहेत. पहिलं बनवासीचं, चौथ्या ते सहाव्या शतकातलं. तेव्हा या गावाला पलाशिका म्हणत आणि ती त्यांची दुय्यम राजधानी होती. त्यांच्यातल्या मृगेशवर्मा राजाने वडील शांतिवर्मा यांच्या स्मरणार्थ इथे जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधल्याचं ताम्रपटात आहे. हे ताम्रपट हलशीलाच सापडले, आणि बनवासीच्या कदंबांचा इतिहास मोठ्या प्रमाणात त्यांवर उभा आहे. दुसरं घराणं गोव्याच्या कदंबांचं. अकराव्या ते तेराव्या शतकात ‘पलसिगे बारा हजार’ हा त्यांचा प्रांत होता आणि हलशी पुन्हा दुसरी राजधानी झाली. आज आपण जे मोठं देऊळ पाहतो ते या दुसऱ्या कदंबांच्या काळातलं. ‘दीड हजार वर्षांचं देऊळ’ असं कुणी सांगितलं तर समजावं की गावाचं वय देवळाला चिकटवलंय.

भूवराह नृसिंह मंदिरात आधी आत शिरू नका. बाहेरून एक फेरी घाला आणि शिखर बघा: आडव्या थरांचं, पायऱ्या-पायऱ्यांनी निमुळतं होत गेलेलं. हीच कदंब शिखराची खूण. ती एकदा ओळखता आली की पुढे इतर कदंब देवळं पाहताना उपयोगी पडते. सकाळी दहाच्या आत तिरपं ऊन भिंतीवर घासून जातं आणि कोरीव कामाची खोली उठून दिसते. बारा वाजता तेच कोरीव काम सपाट दिसतं, फोटोही फिके येतात.

मग मंडपाच्या मध्यभागी उभे राहा. दोन गर्भगृहं समोरासमोर आहेत. एकात बसलेल्या विष्णूची सुमारे चार फुटी मूर्ती आहे. ‘नृसिंह कुठाय?’ म्हणून लोक इथे गोंधळतात, कारण नाव नृसिंहाचं आणि समोर शांत बसलेला विष्णू. स्वयंभू मानली जाणारी नृसिंहाची लहान मूर्ती त्याच गाभाऱ्यात आहे; सूर्यनारायण आणि महालक्ष्मीही मागे आहेत. पुजाऱ्यांना विचारलं तर ते समईच्या उजेडात दाखवतात. समोरच्या गाभाऱ्यात सुमारे पाच फुटांचा भूवराह आहे. शिलालेखाप्रमाणे देऊळ ११६९ मध्ये, शिवचित्त पेर्माडीच्या कारकिर्दीत मातायोगीने उभारलं, आणि वराहाची स्थापना ११८६-८७ मध्ये तिसऱ्या विजयादित्याने केली. मध्ये साधारण सतरा वर्षं आहेत, हे ध्यानात ठेवून दोन्ही मूर्ती पाहा.

गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी विचारा, आणि विजेरी मूर्तीच्या तोंडावर न मारता बाजूने, खालून धरा. तशीच घडण चांगली दिसते. दुपारी पुजारी जेवायला गेले की गाभारा बंद मिळतो. लांबून येऊन कुलूप पाहणाऱ्यांची चूक बहुतेक एवढीच असते की ते उशिरा निघतात.

गावातच गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर ही देवळं विखुरलेली आहेत. त्यातलं सुवर्णेश्वर पडझडीतलं असलं तरी पाहाच. दगड कसे बसवले होते ते अशाच ठिकाणी उघडं दिसतं. सैल दगडांवर चढू नका, एक सरकला तर वरचे चार येतात. वाट घरांमधून जाते, तेव्हा अंगणातल्या काका-मावशींना विचारूनच पुढे जावं.

रामतीर्थाचा डोंगर गावापासून दोनेक किलोमीटरवर आहे, वर रामेश्वराचं देऊळ. चालत जा, येऊन-जाऊन दीड-दोन तास धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरतं आणि उतरतानाच माणसं घसरतात. जायचंच असेल तर खाचदार तळव्याचे बूट हवेत.

नंदगडात दोन जागा आहेत आणि बहुतेक जण एकच पाहून परततात. २६ जानेवारी १८३१ रोजी, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णांना जिथे फाशी दिली ती जागा गावापासून चारेक किलोमीटरवर आहे, आणि समाधी वेगळी, जिच्यावर वड वाढलाय. दोन्ही विचारून घ्या. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट, म्हणजे रायण्णांचा जन्मदिवस, या दिवशी मोठी गर्दी असते. निवांत पाहायचं तर ते दिवस टाळा.

भीमगडला या दिवसात घुसवू नका. ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. बारापेडे गुहेतली वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी आढळणाऱ्या जातीची आहेत, त्यांना उजेड आणि गोंगाट सोसत नाही. पावसाळ्यात तिथे जळवाही असतात.

असोगा खानापूरपासून चार-पाच किलोमीटरवर, मलप्रभेच्या काठी. रामेश्वराचं दर्शन घ्या, खडकावर बसा, पण पाण्यात उतरू नका: काठालगत उथळ वाटणारं पात्र दोन पावलांत खोल होतं, आणि वर कणकुंबीकडे पाऊस झाला की इथे आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं. बसने आला असाल तर अंधार पडायच्या आधी खानापूर स्टँड गाठा.