लढाईवर गेलेल्या पणजोबांचा शोध: गोव्यातल्यांनो, या चुका टाळा

आमच्या घरी पणजोबांविषयी एकच वाक्य शिल्लक होतं: "तो फिरंग्यांच्या पलटणींतल्यान आफ्रिकेक गेल्लो." आजीने ते तिच्या सासूकडून ऐकलेलं. त्यावर विसंबून मी वर्षभर पणजीत पोर्तुगीज कागद चाळले. हाती काही लागलं नाही, आणि लागणारही नव्हतं. पणजोबा पोर्तुगीजांच्या चाकरीत कधी नव्हतेच, आणि आफ्रिकाही त्यांनी पाहिली नव्हती. आमच्या वाड्यावरची जुनी माणसं कुठल्याही गोऱ्याला फिरंगी म्हणत. मी मात्र तो शब्द शाळेतल्या इतिहासाच्या अर्थाने घेतला.

पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला हा घोळ पडत नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न हाच: पणजोबा कुठल्या सरकारचे शिपाई? पेडणे, डिचोली, सत्तरीतून सावंतवाडी किंवा बेळगाव गाठून इंग्रजांच्या पलटणीत भरती होणं काही अवघड नव्हतं. दुसरीकडे पोर्तुगीजांच्या लष्करातही इथले मराठे शिपाई होते. १८९५ साली त्यांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा ते बंड करून उठले आणि सत्तरीच्या राणे घराण्याला जाऊन मिळाले. म्हणून घरात 'आफ्रिका' हा शब्द ऐकला की लगेच नकाशा उघडू नका. आधी काळ ठरवा. पोर्तुगाल पहिल्या महायुद्धात मार्च १९१६ मध्ये उतरला आणि मोझांबिकच्या उत्तरेला जर्मनांशी लढला. दुसऱ्या महायुद्धात तो तटस्थ होता. तेव्हा आजोबा १९४१ साली लढाईवर होते अशी घरची खात्री असेल, तर लिस्बनला पत्रं पाठवण्यात पैसे घालवू नका. ते इंग्रजांच्या फौजेत असणार, आणि 'आफ्रिका' म्हणजे एरिट्रिया किंवा लिबियाचं वाळवंट असणार.

खरंच पोर्तुगीज बाजूचे असतील तर पणजीचं पुराभिलेख खातं आणि लिस्बनचे लष्करी व वसाहतींचे अभिलेख यांशिवाय वाट नाही. तिथे आपली नावं ओळखू येत नाहीत हीच मोठी अडचण. प्रभूचं पोरोबो, शेणव्याचं सिनाय, आणि 'श' हटकून एक्स अक्षराने. नाव एकाच स्पेलिंगने शोधून "नाही मिळालं" म्हणत परतणारे मी बरेच पाहिलेत.

आता नाईकांची गोष्ट. गोव्यात दगड मारावा तर तो नाईकाला लागतो, आणि इंग्रजी फौजेत नाईक हा हुद्दा: शिपायाच्या वर, हवालदाराच्या खाली. जुन्या यादीत नावाआधी नाईक दिसलं की आपला माणूस सापडला असं वाटतं. आडनाव नावाच्या मागे येतं, हुद्दा पुढे, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. उलटही होतं. आपल्या घरचा नाईक आडनावाचा शिपाई बढतीनंतर 'नाईक अमुक नाईक' होतो, आणि कारकून त्यातला एक नाईक गाळून टाकतो.

पणजीतून निराश होऊन मी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर बसलो. आणखी सहा महिने गेले. तिथे फक्त मेलेल्यांची नोंद असते, हे ठाऊक असूनही मी शोधत राहिलो. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात मृत्यू आलेले. आमचे पणजोबा तर घरी परत येऊन शेती करून गेलेले. ज्यांचा माणूस परतला नाही, त्यांच्यासाठी मात्र ही जागा मोलाची आहे. नोंदीत बहुधा बापाचं नाव आणि गाव मिळतं. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकाचे फोटो पाहून तिथे नाव नाही म्हणून खचू नका. भारतीय अधिकाऱ्यांची नावं दगडावर आहेत, साध्या शिपायांची फक्त संख्या कोरलेली आहे. नावं नोंदवहीत आहेत. पंजाबच्या लाखो शिपायांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या, ही बातमी वाचूनही काहीजण हुरळतात. त्यात आपलं कोणी नाही.

शेवटी उत्तर घरातच निघालं, देव्हाऱ्याखालच्या बिस्किटांच्या डब्यात. तीन पदकं होती. आई दर दिवाळीला ती तांब्या-पितळेसोबत चिंचेच्या कोळाने घासायची. ही चूक सर्वांत महाग. पहिल्या युद्धातल्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते: चांदीच्या (ब्रिटिश वॉर मेडल) आणि विजयाच्या (व्हिक्टरी मेडल) पदकाच्या कडेवर, आणि १९१४-१५ च्या ताऱ्याच्या सपाट पाठीवर. वीसेक दिवाळ्यांच्या घासण्याने चांदीच्या पदकाची कड गुळगुळीत झाली होती. तारा मात्र वाचला, कारण आईला त्याचे कोपरे बोचायचे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरला, पदक हळूहळू फिरवलं, आणि अक्षरं सावलीतून वर आली: नंबर, सिपॉय, नाव, आणि ११० मराठा. तारा आहे म्हणजे १९१५ सालच्या अखेरीआधी माणूस रणभूमीवर पोचला होता, हे आपोआप कळलं. कोणाच्या घरी चांदीऐवजी काशाचं पदक असेल, तर तो बहुधा लेबर कोअर किंवा हमालांच्या तुकडीतला. घरच्यांना कधीकधी हे सांगणं जड जातं, पण शोध त्याच दिशेने करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज शिपायांची पदकं कोरी वाटली गेली, भारतीयांच्या पदकांवर मात्र नाव असतं, म्हणून तीही उलटून पाहा.

नंबर मिळाला म्हणजे सगळं मिळालं असं नाही. तेव्हा नंबर पलटणीपुरता असे, साऱ्या फौजेचा नसे, तेव्हा पलटणीच्या नावाशिवाय तो निरुपयोगी. आणि पलटणींची नावं बदलली आहेत. १९२२ मध्ये १०३ वी पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी. जंगी पलटण म्हणजे जुनी १०३, काळी पाचवी म्हणजे १०५. इंग्रजीत शोधताना मराठा हा शब्द 'आर'च्या आधी 'एच' घालून, Mahratta असा लिहून बघा, त्या काळी तसंच लिहीत.

११० म्हटल्यावर मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं, कूत-अल-अमारा आलंच. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी इंग्रज जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा, घोड्याचं मांस खाण्याची पाळी, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. कैद्यांना पुढे आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर नेलं. कैदेत गेलेल्यांसाठी जिनिव्हाच्या रेड क्रॉसने पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं संकेतस्थळावर ठेवली आहेत, तीही चाळून पाहा. कैदेत मेलेल्यांच्या मृत्यूच्या तारखेवर मात्र दगडावरची रेघ म्हणून विसंबू नका, पुष्कळ ठिकाणी ती अंदाजाने लिहिलेली असते.

बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिताना "माझे पणजोबा फौजेत होते, माहिती द्यावी" एवढंच लिहू नका. नंबर, हुद्दा, पलटणीचं जुनं आणि नवं नाव, अंदाजे सालं, आणि पदकाचा जवळून काढलेला फोटो द्या. मूळ पदक पोस्टाने पाठवू नका.

शेवटची चूक: फक्त आपल्याच घरी विचारणं. डिचोलीच्या चुलत घराण्याकडे जन्मपत्रिकांच्या गाठोड्यात पणजोबांच्या डिस्चार्जचा कागद घडी करून ठेवला होता. त्यावर गाव आमचं नव्हतं, बांद्याजवळचं, सावंतवाडी संस्थानातलं होतं. ते त्यांच्या मामाचं गाव. भरती करणाऱ्याला इंग्रज हद्दीतलं नाहीतर संस्थानातलं गाव सोपं वाटलं असेल. कागदावर डाव्या भुवईवरच्या व्रणाची खूण लिहिली होती. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही.