महापुराआधी ठरवायच्या गोष्टी : कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील कुटुंबांसाठी

पुराची तयारी म्हटले की टॉर्च, मेणबत्त्या, बिस्किटे आणि औषधे यांची यादी डोळ्यांपुढे येते. ती यादी चुकीची नाही. पण सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील बहुतेक घरांत या वस्तू असतातच आणि तरीही पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत घर हलत नाही. अडते ते निर्णयापाशी. म्हणून पुढील सूचना मुख्यतः निर्णयाविषयी आहेत, आणि त्या मे महिन्यात, अंगण कोरडे असतानाच अमलात आणायच्या आहेत.

सुरुवात भिंतीवरच्या खुणेपासून करावी. नदीकाठच्या घरांत ‘2005 ला पाणी इथवर आलं होतं’ असे दाखवले जाणारे एखादे ठिकाण असते: जिन्याची पायरी, खिडकीची चौकट, रंग उडालेला पट्टा. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी त्या वर्षी पाणीपातळी 53 फुटांच्या पुढे गेली होती आणि पुढची चौदा वर्षे तोच आकडा अनेकांच्या हिशेबात पक्का बसला. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा जुन्या खुणेच्या हातभर वर सामान रचून निर्धास्त झालेल्यांचे सामान पाण्यात गेले. कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर 2019 साली पातळी 55 फुटांच्या वर गेली. ‘आता याहून काय येणार’ असे म्हणेपर्यंत जुलै 2021 मध्ये ती 56 च्याही वर गेली. रॉबर्ट केट्स या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने 1962 साली पूरक्षेत्रातील रहिवाशांचा अभ्यास करून हेच नोंदवले होते: माणूस स्वतः पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुरालाच शक्य असलेला सर्वांत मोठा पूर मानतो. त्यामुळे आपल्या घरातील सर्वांत उंच खुणेच्या चार फूट वर रंगाने दुसरी रेघ ओढावी. सांगलीत 2005 आणि 2019 च्या पातळ्यांत जवळपास तेवढाच फरक होता. धान्याची कोठी, इन्व्हर्टर, मुलांची वह्या-पुस्तके कुठे ठेवायची, हे यापुढे त्या नव्या रेघेवरून ठरवावे. तेवढी उंची घरात नसेल, तर वरच्या मजल्यावर कोणाकडे सामान ठेवता येईल, हे आजच विचारून घ्यावे.

याच संदर्भात जलसंपदा विभागाच्या पूररेषांचा अर्थ नीट समजून घ्यावा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. ‘2019 ला येऊन गेला, आता शंभर वर्षं घोर नाही’ असे चहाच्या टपरीवर ऐकू येते. प्रत्यक्षात शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता; येऊन गेलेला पूर पुढच्या वर्षाची शक्यता कमी करत नाही. एखाद्या घरात 30 वर्षे राहण्याचा विचार केला, तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के, म्हणजे चारात एक भरते. घरकर्ज काढताना हा आकडा पुढे ठेवावा.

आता खरा कठीण भाग: बाहेर कधी पडायचे. आयर्विन पुलावर इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. राजाराम बंधाऱ्यावर त्या 39 आणि 43 फूट आहेत. हे आकडे शहरासाठी आहेत, आपल्या गल्लीसाठी नाहीत. मागच्या दोन पुरांत आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आले, तेव्हा पुलावरचा आकडा किती होता, हे जुन्या बातम्यांतून आणि शेजाऱ्यांच्या आठवणीतून शोधावे. त्यातही घरात पाणी शिरण्याचा आकडा वेगळा आणि रस्ता बंद होण्याचा आकडा वेगळा. बहुधा रस्ता आधी जातो. ठरवायचा आकडा रस्त्याचा आणि तोही तीन-चार फूट अलीकडचा.

आकडा अलीकडचा घेण्याचे कारण मनाच्या एका सवयीत आहे. इशारा ऐकला की माणूस लगेच उठत नाही; तो आधी शेजारी काय करतो ते पाहतो, दोन फोन करतो, पुलावर जाऊन पाणी बघून येतो. शेजारीही नेमके तेच करत असतो, त्यामुळे अख्खी गल्ली एकमेकांच्या तोंडाकडे बघत थांबते. यावर उपाय म्हणजे गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून आधीच ठरवणे आणि ते ‘जर-तर’ या साच्यात लिहून देवघराशेजारी चिकटवणे: ‘जर सायंकाळी पाचच्या नोंदीत पाणी अमुक फुटांवर असेल, तर आजी आणि बाळंतीण त्याच संध्याकाळी मिरजेला जातील.’ पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की वेळ, ठिकाण आणि कृती जोडून केलेला संकल्प नुसत्या इराद्यापेक्षा अधिक वेळा पार पडतो. ‘पाणी वाढलं की बघू’ हा इरादा झाला, आणि तो रात्री दोन वाजता फार तोकडा पडतो.

घर न सोडण्यामागे दरवेळी हट्टच असतो असे नाही. शिरोळ, पलूस, करवीर या तालुक्यांत माणूस स्वतः निघायला तयार असतो, पण दावणीची म्हैस सोडून जायला तयार नसतो, आणि त्याचे गणित बरोबर असते, कारण दुधाचा पगार तिच्यावर चालतो. अशा माणसाला ‘जीव महत्त्वाचा’ असे सांगून काहीही साधत नाही. माळावरच्या गावातील कोणते पाहुणे किती जनावरे ठेवून घेतील, वैरण कोणाची, ट्रॉली कोणाची आणि डिझेलचे पैसे कोण देणार, हे मे महिन्यातच बोलून घ्यावे. प्रत्येक जनावराचा फोटो कानातील बिल्ल्याच्या क्रमांकासह मोबाइलमध्ये ठेवावा. जनावरे आधी हलली की माणसे आपोआप हलतात. चोरीच्या भीतीने एकाने मागे थांबायचे ठरत असेल, तर तोही किती फुटांवर निघेल, हे कागदावर असलेच पाहिजे. शेवटच्या घटकेला बोटीवर किती गर्दी होते आणि त्याचे काय होऊ शकते, हे 8 ऑगस्ट 2019 रोजी ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा दिसले.

नदीशी असलेली जवळीक हाही एक अडसर ठरतो. नृसिंहवाडीला पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक स्नानासाठी धाव घेतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र दरवर्षी येणाऱ्या पाण्याचे स्वागत करणारे मन मोठ्या पाण्यालाही सुरुवातीला त्याच मापाने मोजते, म्हणून मोजमाप मनावर न सोडता फुटांवर सोपवावे. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे इथला पूर वाढतो की नाही, हा वादही असाच वेळ खातो. त्यात कोण बरोबर ते तज्ज्ञ ठरवतील. वाद कोणीही जिंकला तरी तळमजल्यावरचा फ्रिज भिजतोच.

घरातील एखादे वडीलधारे ऐकत नसतील, तर त्यांना बुडालेल्या गल्ल्यांचे व्हिडिओ दाखवू नयेत. जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या कोलोन शहरातील रहिवाशांच्या अभ्यासात असे आढळले की धोका कळूनही ‘आपल्या हातात काही नाही’ असे वाटणारे लोक तो नाकारण्याकडे किंवा नशिबावर सोडण्याकडे वळतात. आजोबांना भीती घालण्यापेक्षा काम द्यावे: रोज सकाळ-संध्याकाळ पातळीचा आकडा कॅलेंडरवर लिहिणे. आकडा स्वतःच्या हाताने लिहिणारा माणूस निघायची वेळ झाल्याचेही बहुधा स्वतःच सांगतो.

सातबारा, रेशनकार्ड, पासबुके आणि विम्याची कागदपत्रे जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून तिचे तोंड घट्ट बांधावे आणि पंचनाम्यासाठी प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवावेत. पण हे काम सर्वांत शेवटी करावे. एक काम हातावेगळे झाले की मनाला सगळी तयारी झाल्यासारखे वाटते आणि अवघड कामे मागे पडतात. पिशवी भरायला अर्धा तास पुरतो, म्हणूनच ती आधी भरली जाते आणि म्हशीचा विषय राहून जातो.

जूनमधील एखाद्या रविवारी सगळ्याची एकदा रंगीत तालीम करावी. सिलिंडर बंद करून, मेन स्विच पाडून, जनावरे ट्रॉलीत चढवून पाहुण्यांच्या गोठ्यापर्यंत जायला किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून पाहावा. कागदावर धरलेल्या वेळेपेक्षा तो जास्त निघाला, तर देवघराशेजारच्या कागदावरील आकडा त्याच दिवशी आणखी एक-दोन फुटांनी खाली आणावा.