पहिल्या कादंबरीचा प्रकाशन सोहळा: छोट्या प्रकाशकाने काय सांभाळावे

तारीख ठरवण्याआधी पुस्तक हातात येऊ द्यावे. मुद्रक ‘शुक्रवारी नक्की’ म्हणतो, त्या भरवशावर पत्रिका छापून मोकळे झालेले प्रकाशक मी पाहिले आहेत आणि एकदा मीही त्यांच्यापैकी एक होतो. कार्यक्रमाच्या सकाळी आलेल्या 40 प्रतींचा गोंद पुरता धरलेला नव्हता आणि मंचावर पाहुण्यांनी पुस्तक उघडताच मधली पाने त्यांच्या मांडीवर आली. डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या 224 पानांच्या पुस्तकात 16 पानांचे 14 फॉर्म, म्हणजे एकत्र छापून दुमडलेले जुडगे, असतात. त्यांपैकी एखादा उलटा लागणे किंवा दोनदा येणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून पहिल्या दहा प्रती पान न् पान उलटून पाहाव्यात आणि त्यानंतर किमान तीन आठवड्यांनीच सोहळा ठेवावा.

मराठवाड्यात दिवस निवडताना पंचांगाइतकेच शेताकडे पाहावे लागते. मृगाच्या पेरण्या, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी, मे महिन्यातले चाळीस अंशांपलीकडचे ऊन आणि दाट लग्नतिथी वगळल्या, तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उरतो. 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि 27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, या तारखा मनाला भुरळ घालतात. पण त्या दिवशी सभागृह मिळत नाही आणि वक्ते तीन ठिकाणी बांधलेले असतात. लातूर, परभणी किंवा अंबाजोगाईसारख्या गावी संध्याकाळी सहाचा कार्यक्रम प्रत्यक्षात सातला सुरू होतो, आणि अध्यक्ष बोलायला उभे राहतात तेव्हा खेड्यांवरून आलेले वाचक शेवटच्या एसटीसाठी उठू लागतात. रविवारी सकाळी साडेदहाची वेळ ठेवावी आणि साडेबाराला आभार मानून मोकळे व्हावे.

पुस्तक डिसेंबरअखेर छापून सोहळा जानेवारीत करायचा असेल, तर श्रेयपानावर, म्हणजे प्रकाशक-मुद्रकाची माहिती असलेल्या पानावर, कोणते वर्ष घालायचे ते छपाईपूर्वी ठरवावे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत लेखकाच्या पहिल्या प्रकाशनाचा स्वतंत्र विचार होतो आणि तिथे प्रकाशनवर्ष पाहिले जाते.

मंचावर चारांहून अधिक खुर्च्या नसाव्यात. अध्यक्ष, भाष्यकार, लेखक आणि प्रकाशक एवढे पुरतात. भाष्यकाराला पुस्तक तीन आठवडे आधी द्यावे आणि आठवडाभराने, वाचले का असे न विचारता, अमुक पात्र कसे वाटले असे विचारावे. खरे काय ते लगेच कळते. परिसरातल्या पुढाऱ्याला बोलावल्याने सभागृह भरते हे खरे, पण मग कार्यक्रम त्यांचा होतो आणि कादंबरी शालीखाली झाकली जाते. सत्काराची यादी लांबू लागली की शाल-श्रीफळाऐवजी प्रत्येकाला एक प्रत द्यावी.

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत अभिवाचनावर घ्यावी, आणि नेमके त्याचेच नियोजन आदल्या रात्री होते. नव्या लेखकाचे नाव कोणाला ठाऊक नसते. त्याची भाषा कानावर पडली तरच माणूस टेबलाकडे वळतो. उतारा दहा मिनिटांचा असावा, शेवट उघड करणारा नसावा आणि त्यात संवाद असावेत. लातूर-उदगीरकडची पात्रे असतील तर ती बोली घरात बोलणारा वाचक शोधावा. आमच्या एका कार्यक्रमात कमावलेल्या आवाजाच्या निवेदकाने ‘काय करलालास?’ हे वाक्य जपून, जणू अवतरणचिन्हांसकट वाचले आणि सभागृह गप्प राहिले. तालमीला आलेल्या लेखकाच्या चुलतीने तेच वाक्य आदल्या दिवशी सहज म्हटले होते तेव्हा सगळे हसले होते. तिलाच उभे करायला हवे होते, हे मला उशिरा सुचले.

मंचावरच्या प्रती चमकी कागदात बांधायच्या तर रिबिनीला सरफास द्यावा. चौघे मान्यवर गाठीशी झगडत आहेत, छायाचित्रकार थांबला आहे आणि कोणीतरी दातांनी रिबीन तोडत आहे, हे दृश्य टाळता येते.

विक्रीचे टेबल दाराशी, बाहेर पडणाऱ्याच्या उजव्या हाताला लावावे. 300 रुपयांच्या पुस्तकावर 25 टक्के सूट दिली की 225 होतात आणि सुट्ट्यांची शोधाशोध सुरू होते. त्यापेक्षा सरळ 200 रुपयांना द्यावे. क्यूआर कोड चिकटवण्याआधी त्याच कोपऱ्यात नेटवर्क येते का ते पाहावे. भेटप्रतींची यादी लेखकाबरोबर बसून आधीच लिहून काढावी, कारण गर्दीत ‘हे आपले काका’ म्हणत दिलेल्या प्रती कोणाच्याच हिशेबात बसत नाहीत. स्वाक्षरीसाठी लेखकाला टेबलाशेजारीच बसवावे आणि त्याच्या हातात दोन पेने द्यावीत.

प्रकाशनापासून 30 दिवसांच्या आत, 1954 च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे, कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. ती पाकिटे सोहळ्याच्या आधीच पत्ते घालून तयार ठेवावीत आणि सोमवारी टपालात टाकावीत. नाहीतर उरलेल्या गठ्ठ्यांबरोबर तीही माळ्यावर जातात.