जुनं माळवदाचं घर दुरुस्त करताय? आमच्या हातून झालेल्या या चुका टाळा

आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घराच्या मागच्या भिंतीला ओल आली, तेव्हा आम्ही सगळ्यात महागात पडणारी चूक केली. भिंत खरवडून तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला. ठेकेदार म्हणाला, "आता दहा वर्षं बघायला नको." दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो गिलावा परातीएवढ्या खपल्यांनी सुटला. आत हात घातला तर दगडांमधली माती लोण्यासारखी मऊ झाली होती.

काळा दगड, मातीचा सांधा आणि वरून चुन्याचा लेप अशी भिंत ओल शोषते आणि उन्हात सोडून देते. सिमेंटने तिचं तोंड बंद झालं की ओल बाहेर पडत नाही, वर वर चढते. तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात आणि त्याला ढकलून पाडतात. म्हणून ओल दिसली की आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. आम्हाला ते शेजारच्या अक्कांनी दाखवलं. "तुमच्या सासऱ्यांच्या टायमाला तिथं न्हाणी होती. मोरीचं पाणी अजून भिंतीलाच जातंय की ओ," त्या म्हणाल्या. उकरून पाहिलं तर खापरी नळ मधोमध फुटलेला होता. तो बदलला, सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढलं आणि भिंत एक उन्हाळा उघडी ठेवली. चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या एप्रिल-मेने ती फुकटात वाळवून दिली.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, ठेकेदाराला बोलावण्याआधी गल्लीतल्या जुन्या माणसांना बोलवा. कोणत्या साली कुठली भिंत फुगली होती, कुठे आड बुजवलाय, हे कुठल्याच नकाशात नसतं. आणि फक्त चहाला बोलवू नका, घरभर फिरवा. एकेका कोनाड्यासमोर उभं राहिल्यावर त्यांना आपोआप आठवतं.

माळवदावर माती वाढवत नेऊ नका

गळलं की वर चार पाट्या माती, ही आपल्याकडची जुनी सवय. वर्षानुवर्षं असं केल्याने आमच्या माजघरावर फूटभर जाड थर झाला होता. हिशेब करून बघा. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे कोरडी असतानाच साडेचार टनांच्या आसपास. भिजली की आणखी. हे सगळं वजन शंभर वर्षांच्या सागवानी तुळया पेलत असतात.

याहून वाईट म्हणजे त्याच मातीवर काँक्रीटचा थर ओतणं. वरून पाणी बंद झाल्यासारखं वाटतं, पण एखाद्या भेगेतून आत गेलेलं पाणी मग वाळतच नाही. तुळई भिंतीत जिथे बसते तिथे कुजायला लागते, आणि खालून रंग दिलेला असल्यामुळे काहीच कळत नाही. दाभण घ्या आणि प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांना टोचा. दाभण सहज आत गेलं तर तिला धिरा, म्हणजे खालून टेकू, दिल्याशिवाय वरच्या कामाला हात लावू नका.

जुन्या लोकांनी वर पांढरी, चोपणाची माती का वापरली, हे मला उशिरा समजलं. तिच्यातल्या सोडियममुळे पाणी पडताच मातीचे बारीक कण सुटतात आणि छिद्रांमध्ये जाऊन बसतात. पाऊस स्वतःच छत बंद करतो. ही माती पातळ थरातच काम करते. ढाळ मात्र पन्हाळीकडे नीट हवा, नाहीतर डबकं साचतं.

चाळीस माणसं एकाच दिवशी बोलावू नका

आमच्या घराच्या दुरुस्तीची बातमी पेठेत पसरली आणि मदतीला माणसं यायला लागली. मन भरून आलं. त्या भरात आम्ही एका रविवारी सगळ्यांनाच बोलावलं. दहा वाजता माळवदाच्या एकाच बाजूला पंधरा-सोळा जण घमेली घेऊन उभे होते. खाली एक म्हातारे वडार गवंडी बसले होते. ते ओरडले, "खाली उतरा आधी! अर्धं छत हलकं, अर्धं जड, भिंत ढकलली जाईल!" नशीब, सगळे लगेच उतरले.

माती दोन्ही बाजूंनी सारखी, थराथराने काढायची. वर एकावेळी चार-पाच जणच, तेही तुळईच्या रेषेवर. खाली उतरवलेली माती भिंतीला टेकवून रचायची नाही. बाकीच्या हातांना दुसरी कामं भरपूर असतात: दगड निवडणं, विटांची भुकटी चाळणं, लाकूड घासणं, जेवण करणं. समोरच्या मावशींनी दर रविवारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली, तेसुद्धा घराचंच काम होतं. पण धिरे देणं, तुळई बदलणं आणि वायरिंग ही हौशी माणसाची कामं नाहीत, तो कितीही मनापासून आलेला असो.

आणि ज्याच्या हातात कसब आहे त्याला दिवसाची मजुरी द्या. ते गवंडी नुसते बसून सांगत असले तरी आम्ही त्यांना पूर्ण रोज दिला. शेजारी प्रेमाने येतो, पण कारागिराचं पोट त्या दिवसावर असतं.

चुन्याला घाई आणि ऊन सहन होत नाही

कळीचा चुना आणून दुसऱ्या दिवशी लावू नका. भिजवल्यावर तो निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. न विरलेला खडा भिंतीत फुगतो आणि गिलाव्याला फोड येतात. भिजवताना तो उकळतो, म्हणून मुलांना लांब ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा.

लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. सोलापूरच्या उन्हात तो दोन तासांत वाळतो. मग हात फिरवला की पांढरी पूड येते. म्हणून गिलाव्याचं काम दिवाळीनंतर काढा, मे महिन्यात नाही. आमची अडचण पाण्याची होती, कारण नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने यायचं. गल्लीने ठरवलं, पाण्याच्या दिवशी प्रत्येक घराने दोन घागरी आमच्या पिंपात ओतायच्या. भिंतीवर टाकायला अकरा घरांमधून विरलेल्या जुन्या सोलापुरी चादरी आल्या. त्या भिजवून दोऱ्यांवर टांगल्या, आणि दहा दिवस भिंत गार राहिली.

गिलावा वाळल्यावर रुपयाच्या नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढाच भाग काढून पुन्हा भरा, सगळी भिंत फोडू नका.

भेग बुजवण्याआधी ती जिवंत आहे का ते बघा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर आपल्या भागात दगडी घराची भीतीच बसली. भीती खोटी नाही, पण कारण समजून घ्या. अशा भिंतीला बाहेरचा आणि आतला असे दोन पदर असतात आणि मध्ये भर असते. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्याने पदर सुटतात आणि वरची जड माती खाली येते. म्हणून माती कमी करा आणि दुरुस्तीत आरपार दगड घाला: उंचीत दर दोन फुटांवर, लांबीत दर चार फुटांवर. हे काम संरचना अभियंत्याच्या सल्ल्यानेच करा. तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी महापालिका कायद्यातही सांगितली आहे.

भेग दिसली की लगेच भरू नका. तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय. आमच्या पट्टीवर शेजारचा शाळकरी मुलगा रोज येता-जाता नजर ठेवायचा.

कागदांचं थोडक्यात: मिळकत पत्रिकेवर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची लेखी संमती आधी घ्या. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याचीही.

मृगाच्या आधी माळवदावर चढून पन्हाळीत घागरभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. पहिला मोठा पाऊस आला की विजेरी आणि खडू घेऊन घरात फिरा. जिथे थेंब पडेल तिथे खाली फुली मारा. उघडीप मिळाली की त्या फुलीच्या बरोबर वर नाही, ढाळाच्या वरच्या बाजूला शोधायला सुरुवात करा.